तीन थापा

आमच्या घरात हात आधी उठतो आणि तोंड मग. बाबांचं तसं होतं, दादाचं तसं आहे, आणि खोटं कशाला बोलू, माझंही तसंच आहे. दादाच्या उजव्या भुवईवर जी पांढरी रेघ दिसते ती माझ्या कात्रीची. माझ्या कोपरातून थंडीत कळ येते ती त्याच्या लाथेची. वहिनी तीन वर्षांपूर्वी दोन पिशव्या घेऊन गेली ती परत आली नाही, आणि शहाणपणाच केला तिनं. माझा नवरा त्याच्याही आधी मला सोडून गेला. त्यानं माझ्यावर एकदाच हात उचलला होता. दुसऱ्यांदा उचलायचा तर आधी प्लास्टर निघायची वाट बघावी लागली असती.

आम्ही दोघं भाऊबहीण बाबांचं सोफे दुरुस्तीचं दुकान चालवतो. पुढं रस्ता, मागं नाला, मधे एक लांबट खोली. दादा सांगाडे ठोकतो, पट्टे ताणतो, स्प्रिंगा बांधतो. मी स्पंज कापते, मशीनवर खोळी शिवते आणि सगळ्यात शेवटी सोफ्याच्या तळाला काळं कापड ठोकते. तळ बंद करणं हे एवढं एकच काम बाबांनी भरवशानं माझ्याकडे दिलं होतं, आणि त्याची एक रीतही लावून दिली होती. कापड ठोकायच्या आधी सोफ्यावर तळव्यानं तीन थापा मारायच्या, चांगल्या सणसणीत. एक सोफ्याच्या डाव्या हातावर, एक मधे, एक उजव्या हातावर. आत कात्री किंवा खिळ्यांची डबी राहिली असेल तर ती खडखडते. एकदा बाबांची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यात राहून गेली होती. ते बिचारं बसलं की पाठीत गुद्दा बसायचा. महिनाभर बायकोवर संशय घेऊन झाल्यावर त्यानं सोफा परत आणला. तेव्हापासून तीन थापा. तेव्हापासून आमच्या दुकानातून एक टाचणीसुद्धा चुकून बाहेर गेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आले.

आता मांजरीचं सांगते. ती करडी, हडकुळी, नाल्याकडच्या भिंतीवरून यायची. तिचा उजवा कान मधोमध चिरलेला होता, म्हणून मी तिला कानफाटी म्हणायचे. तिला कुणी पाळलं नव्हतं. ती यायची, माझ्या मशीनखाली बसायची आणि दादानं हातोडा उचलला की पोट जमिनीला चिकटवून अशी गप्प व्हायची की आहे की नाही कळू नये.

मागच्या खेपेला ती एका वकिलाच्या आरामखुर्चीत व्याली. खुर्ची आमच्याकडे गादी बदलायला आली होती. वकील खुर्ची न्यायला आला, गादी उचलली, तर खाली चार पिल्लं आणि सगळी घाण. तो असा काही ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. दादाची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं चारही पिल्लं पोत्यात टाकली, पोतं दोनदा भिंतीवर आपटलं आणि मागच्या दारानं नाल्यात फेकलं. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. कानफाटी मधे आली तर तिला लाथ.

मी मशीनवर होते. मी उठले नाही. उलट पाय जोरात दाबला, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. मला कुणी बोट लावलं तर मी वाघीण आहे, हे गल्लीत कुणालाही विचारा. पण दुसऱ्यासाठी मी कधी उठले नाही. लहानपणीही नाही. बाबा पट्टा घेऊन सुरू झाले की मी दुकानातल्या एखाद्या उसवलेल्या सोफ्याच्या पोटात शिरायचे, श्वास कोंडायचे आणि बाहेर दादावर पडणारे पट्टे मोजायचे. मी तेव्हा सहा वर्षांची, तो दहाचा. मला शोधायला कुणी यायचं नाही. मी हुशार आहे, असं मला वाटायचं. कानफाटी त्या खेपेला तीन दिवस भिंतीवर बसून ओरडत होती आणि मी तीन दिवस मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही.

म्हणून या वर्षी तिचं पोट पुन्हा दिसायला लागलं तेव्हा मी दादासमोर जाऊन उभी राहिले.

"मांजर व्यायला झालीय," मी म्हणाले. "या वेळी मी तिची सोय करणार आहे. तू त्या पेटीला हात लावायचा नाहीस."

"कुठली पेटी?"

"मी करणार आहे ती. हात लावलास तर बोटं कापीन आणि कुठल्या तरी उशीत शिवून टाकीन."

"मला काय पडलंय!" दादा म्हणाला. तोंडात खिळे होते, त्यामुळे त्याला ओरडता आलं नाही. "पण गिऱ्हाइकाच्या मालाला वास आला तर मग बघ."

"तू बघ. मी तर बघतेच आहे."

त्याच्याकडून मी एक फळीही मागितली नाही. खोक्याच्या फळ्या जमवून स्वतः पेटी ठोकली. कानफाटीचं पोट जाईल एवढं तोंड कापलं, त्याच्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. तळाला स्पंजाचे तुकडे. त्यावर जुन्या गादीतला कापूस, तोही तसाच नाही, काठीनं झोडून, पिंजून, दोन दिवस उन्हात घालून. वरून जुना मऊ पडदा. पेटी माझ्या मशीनच्या मागं, भिंतीला लावून ठेवली. माझ्या स्वतःच्या बाळंतपणाचा योग आला नाही, आला असता तर एवढी तयारी कुणी केली नसती.

कानफाटी आली, तिनं पेटीत डोकं घातलं, सगळं हुंगलं आणि बाहेर येऊन पेटीच्या वर बसली. मी तिला उचलून आत ठेवलं तर तिनं माझा अंगठा फोडला. मी पडदा काढून बघितला. पेटी फिरवून तोंड भिंतीकडे केलं. काही उपयोग झाला नाही. "पसंत नाही वाटतं बाईसाहेबांना," दादा लांबून म्हणाला, आणि मी त्याच्या दिशेनं चिकटपट्टीचं भेंडोळं भिरकावलं.

त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरचा सोफा आमच्याकडे होता. तीन माणसं बसतील असा, त्याच्या दवाखान्यात पेशंट बसतात तिथला. गडद लाल रेक्झिन आणि दुहेरी शिवण, माझ्या हातचं इतकं नीट काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. दोन दिवस तो सोफा दुकानाच्या मधोमध पाठीवर आडवा पडून होता, तळ उघडा. बुधवारी दुपारी मी तळ बंद करायला घेतला. रीतीप्रमाणे तीन थापा मारल्या. काही खडखडलं नाही. काळं कापड ताणलं आणि सगळीकडून ठोकून टाकलं. मग आम्ही सोफा टेम्पोत चढवला. दादा सामान चढवतो म्हणजे फेकतो. उतरवतानाही तेच, दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोन ठिकाणी आपटला. पेशंट उभेच होते, आम्ही सोफा ठेवला आणि ते बसले.

गुरुवारी सकाळी मी दुकानात शिरले आणि आधी पेटीकडे गेले. पेटी रिकामी होती. पडदा एका बाजूला लोळत होता आणि कापूस नव्हता. मूठभरसुद्धा नाही. झोडून पिंजून भरलेला सगळा कापूस गायब, आणि कानफाटीही नाही.

मागच्या दारात दादा उभा होता. नाल्याकडून येत होता. त्याच्या हातात पोतं होतं, रिकामं, ओलं.

मी त्याला काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारत नाहीत. बाकावरची मोगरी उचलली आणि त्याच्या कपाळावर घातली. तो बेसावध होता, गुडघ्यावर आला. रक्त नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली आलं. मी दुसरी मोगरी मारली ती खांद्यावर बसली. तिसरी त्यानं हातात धरली आणि दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत दिली. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. खालचा एक दात हलला, तोंडात खारट चव आली. मी त्याच्या मनगटाला चावले. त्यानं माझे केस धरून मला बाकावर आपटलं, बाक उलटला, खिळ्यांच्या डब्या फुटल्या, आणि आम्ही दोघं, पन्नाशीच्या घरातली माणसं, सांडलेल्या खिळ्यांत लोळायला लागलो.

"परत मारलीस!" मी ओरडत होते. "परत पोत्यात घातलीस! मी सांगितलं होतं तुला!"

"कोण? काय?" तो माझा गळा दाबत म्हणाला. "अगं काथ्या टाकून आलो! त्या जुन्या खुर्चीतला सडका काथ्या!"

"खोटं!"

"जाऊन बघ, काठावर पडलाय! तुझ्या मांजरीला मी कालपासून बघितलंसुद्धा नाही!"

त्यानं गळा सोडला. मी कुशीवर वळून खोकले, आणि गाल जमिनीला टेकलेला असताना मला ते दिसलं. कापसाचा एक पुंजका. बाकाखाली. त्याच्यापुढं हातभरावर दुसरा. मग तिसरा, मशीनच्या पायाशी अडकलेला. उभं राहून ते कधी दिसलं नसतं. ते पुंजके पेटीपासून निघून एका रांगेत दुकानाच्या मधोमध गेले होते, जिथं दोन दिवस तो लाल सोफा आडवा पडून होता, आणि तिथं संपले होते.

 घर तिनंच तयार केलं होतं. माझी पेटी तिला नको होती, पण कापूस पसंत पडला होता. तिनं तो तोंडातून पुंजका पुंजका करत सोफ्याच्या पोटात नेला, आणि ती आत असताना मी वरून तीन थापा मारल्या. आमच्या दुकानात थाप पडली की काय करायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पोट चिकटवायचं आणि गप्प व्हायचं. ती गप्प झाली, आणि मी तिला ठोकून बंद केलं.

"सोफ्यात आहे," मी म्हणाले. "दादा, ती सोफ्यात आहे. मी तळ लावला तिच्यावर."

दादानं बाहीनं डोळ्यातलं रक्त पुसलं.  खिळ्यांतून रेक्झिन कापायची सुरी शोधून त्यानं माझ्या हातात दिली, आणि आम्ही पळत सुटलो.

दवाखाना चार गल्ल्या पुढं आहे. आम्ही आत शिरलो तेव्हा नावं लिहून घेणाऱ्या मुलीनं माझ्या रक्तानं भरलेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "नंबर घ्या. तुमच्यापुढं चार जण आहेत." मग तिला माझ्या हातातली सुरी दिसली आणि तिची दातखीळ बसली. सोफ्यावर तिघं होते. मधे एक अगडबंब गृहस्थ, गाल फुगलेला, त्यावर फडकं बांधलेलं. आतल्या खोलीत दात कोरायचं मशीन चिरकत होतं.

"उठा," मी म्हणाले.

ते उठले नाहीत. दादानं मधल्या गृहस्थांची कॉलर धरून त्यांना उभं केलं, बाकीचे दोघं आपोआप उठले. मशीन थांबलं. डॉक्टर दारात आला, तोंडाला मास्क, हातात ते हत्यार तसंच.

"काय चाललंय हे? पोलिसांना बोलवा!"

"बोलवा," दादा म्हणाला, "पण मशीन बंद ठेवा. ओरडू नका. सोफ्यात मांजर आहे. व्यायलेली असेल."

"माझ्या सोफ्यात?"

"ती काल दुपारपासून आत आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. आता गप्प बसा, नाहीतर या सुरीनं आधी तुमचा मास्क कापीन."

तेव्हा नावं लिहिणारी मुलगी हळूच म्हणाली, "सकाळपासून चिर्रचिर्र आवाज येत होता. मला वाटलं मशीनच आहे."

सोफा समोर होता, पण सुरी कुठं घालायची? आंधळेपणानं घातली तर पातं तिच्याच पोटात जायचं. दादानं सवयीप्रमाणे तळवा उचलला, थाप मारायला. मी त्याचा हात धरला.

"थाप नको."

"मग कळणार कसं?"

"थाप पडली की ती गप्प होईल. मेली तरी आवाज करणार नाही." माझा हलता दात जिभेला लागत होता, नीट बोलता येत नव्हतं. "मला माहीत आहे. मी पण तेच करायचे. बाबा सुरू झाले की मी सोफ्यात शिरायचे, आणि आवाज..."

"डावीकडे बघ," दादा म्हणाला.

"काय?"

"डाव्या हातात. दुकानात सोफा पडला होता तेव्हा दारापासून तो हात लांब होता. हात आणि पाठ मिळते तो कोपरा." तो माझ्याकडे बघत नव्हता, रेक्झिनकडे बघत होता. "तू तिथंच शिरायचीस. नेहमी. दारापासून लांबच्या कोपऱ्यात."

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या फ्रॉकचं टोक बाहेर राहायचं. दर वेळी. मी पायानं आत सारायचो."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळ फुटलेलं, ओठ सुजलेला, मीच केलेलं सगळं.

"आणि बाबा?"

"बाबा विचारायचे, ती कुठं आहे." त्यानं नाक पुसलं. "म्हणून तर मला जास्त पडायचे. आता बोलू नकोस. कान लाव."

त्या क्षणी मला रडू आलं हे मी लपवणार नाही. चाळीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होते. मी त्याच्यावर पडणारे पट्टे मोजत होते आणि त्यातले निम्मे माझे होते. पण रडायला वेळ नव्हता. मी गुडघ्यावर बसून सोफ्याच्या डाव्या हाताला कान लावला, दादानं माझ्या शेजारी लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका जागी एकाच वेळी गप्प बसलो. दवाखान्यात कुणी हलेना. खूप वेळ काहीच नव्हतं. मग आत, खोल, काहीतरी कुरकुरलं, आणि लगेच ते कुणीतरी अंगाखाली घेतल्यासारखं दबलं.

दादानं बोटानं रेघ दाखवली. मी सुरी घातली. माझी दुहेरी शिवण, तीन दिवसांची, मी एका ओढीत वरपासून खालपर्यंत फाडली. रेक्झिन फाटताना जो आवाज होतो तो ऐकून डॉक्टरनं डोळे मिटले. स्पंज ओरबाडून काढला, खालचं गोणपाट कापलं. आत काळोख, कापूस, ओला वास आणि दोन पिवळे डोळे.

"मी घालतो हात," दादा म्हणाला.

"तू नको."

"माझा जाड आहे."

त्यानं हात घातला आणि कानफाटी त्याच्यावर तुटून पडली. मी तसलं काही बघितलं नव्हतं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती फाडत होती, मनगटापासून कोपरापर्यंत, पुढच्या पंजांनी धरून मागच्या पंजांनी. रेक्झिनवरून रक्ताचे ओघळ खाली आले. दादाला कुणी दुखवलं की पुढं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी सुरी घट्ट धरली. या वेळी मी बसून राहणार नव्हते. त्यानं तिचा गळा धरला असता तर मी सुरी त्याच्या हातात घातली असती, देवाशपथ.

दादानं हात मागे घेतला नाही. मूठही आवळली नाही. तळवा उघडा ठेवून तो तसाच राहिला, ओठ दातांखाली दाबून.

"मार," तो तिला म्हणाला. "मार अजून. मार."

ती थकली तेव्हा त्यानं सावकाश बोटं पुढं केली. तीन पिल्लं हाताला लागली, ती त्यानं चाचपली आणि तिथंच राहू दिली. "तीन आहेत. गरम आहेत," तो म्हणाला. मग हात आणखी आत, बसायच्या जागेकडे गेला आणि थांबला. त्यानं चौथं बाहेर काढलं. ते हाताच्या पोकळीतून निसटून स्प्रिंगांखाली गेलं होतं. ते चपटं झालं होतं. दादानं ते माझ्या ओंजळीत ठेवलं.

"मी मधे बसलो होतो," फुगलेल्या गालाचे गृहस्थ म्हणाले. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "मला कळलंच नाही हो. मी मधेच बसलो होतो." एवढा मोठा माणूस, फडक्यात तोंड घालून मुसमुसायला लागला. मी त्यांना म्हणाले की तुमचा काही दोष नाही, तळ मी लावला होता. ते खरंही होतं.

कानफाटी बाहेर येईना. तिला ओढायचा धीर माझ्यात नव्हता, आणि दादाच्या हातावर आणखी ओरखड्यांना आता जागा उरली नव्हती. नावं लिहिणाऱ्या मुलीनं आतून कापसाचा नवा गुंडाळा आणून दिला. डॉक्टरांना वाचा फुटली ती सोफ्याबद्दल. दादा म्हणाला, "नवा करून देतो. सांगाड्यापासून." त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, डॉक्टर पुढं काही बोलले नाहीत. दादाचा हात त्यांनी स्वतः धुऊन बांधला. मग माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "हा दात वाचणार नाही. कशानं झालं?"

"भावानं केलं," मी म्हणाले.

"आणि यांचं कपाळ?"

"बहिणीनं," दादा म्हणाला.

आम्ही सोफा मांजरीसकट परत आणला. टेम्पो केला नाही. चार गल्ल्या हातांवर उचलून आणला, फाटलेली बाजू माझ्या ओढणीनं झाकलेली. दादा पुढं, मी मागं. लोक दारात येऊन बघत होते. रक्तानं माखलेली दोन माणसं एक फाटका सोफा काचेचा असल्यासारखा नेताहेत. दर दहा पावलांवर दादा म्हणायचा, "हळू. खड्डा आहे." हा माणूस सोफे फेकतो. कोपऱ्यावर त्याची पट्टी लाल झाली, मी म्हटलं ठेवू या जरा, तर म्हणाला, ठेवताना धक्का बसेल.

सोफा आम्ही दुकानात दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवला. चौथं पिल्लू दादानं मागं भिंतीशी पुरलं, एका हातानं खणून. मी शेजारी उभी होते. नाल्याकडे बघून मी त्याला विचारलं, "आणि ती चौघं?"

"ती मी मारली," दादा म्हणाला.

"मी मशीन थांबवलं नाही."

"हो. ऐकलं मी."

एवढंच बोलणं झालं. ती चौघं मी विसरलेली नाही आणि त्यालाही विसरू देणार नाही. आमचा स्वभाव एका दिवसात बदलला असं सांगितलं तर गल्लीतली पोरंसुद्धा हसतील. पुढच्याच सोमवारी सोफ्याच्या पट्ट्यांवरून आमची जुंपली आणि त्यानं हातोडा उचलला. मग कोपऱ्यातल्या सोफ्याकडे बघितलं, आणि हातोडा खाली ठेवून बाहेर जाऊन भिंतीला लाथ मारून आला. पायाचं बोट सुजलं. मला बरं वाटलं.

परवा एक खुर्ची तयार झाली. साधी, एका माणसाची. मी ती पाठीवर आडवी केली, काळं कापड कापलं आणि सवयीनं तळवा उचलला. मागून दादानं माझं मनगट धरलं. त्यानं माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं नाही असं आधी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

"थांब," तो म्हणाला. "कान लाव."

मी जमिनीवर बसून कान लावला. तोही बसला, पलीकडून, सुजलेला पाय लांब करून. कोपऱ्यात कानफाटी पिल्लांना चाटत होती, ते ऐकू येत होतं. खुर्चीच्या आत काही नव्हतं. तरी दादा उठेना, आणि मीही उठले नाही.